जुळ्या पल्सरचा सातबारा

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. व्याध लगेच नजरेत भरेल. त्याच्या खाली बृहल्लुब्धकाचा, म्हणजे आकाशातल्या त्या कुत्र्याचा, मागचा भाग उतरत येतो आणि शेपटीच्या टोकाशी अलुद्रा नावाचा मध्यम तेजाचा तारा दिसतो. हात ताठ पुढे करून दोन बोटं अलुद्राच्या डावीकडे चिकटवून धरा. बोटांच्या पलीकडच्या कडेला, जरासं खाली, जिथे नुसत्या डोळ्यांना खास काहीच दिसत नाही, ती या प्रकरणाची जागा. तारकासमूह अरित्र.

तिथे सुमारे २,४०० प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या जड ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांभोवती फिरताहेत. एकाचं वस्तुमान सूर्याच्या १.३३८ पट, दुसऱ्याचं १.२४९ पट. आकार म्हणाल तर कात्रजपासून निगडीपर्यंत सरळ रेषेत जेवढं अंतर, साधारण तेवढा प्रत्येकाचा व्यास. एकमेकांभोवतीची एक फेरी २ तास २७ मिनिटांत पूर्ण होते आणि दोघांमधलं अंतर आहे सुमारे ८ लाख ८० हजार किलोमीटर. सूर्याचा व्यासच जवळपास १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे ही अख्खी जोडी सूर्याच्या पोटात मावेल.

दोघेही पल्सर आहेत, म्हणजे गिरकीबरोबर आपला रेडिओ झोत दीपगृहासारखा फिरवणारे न्यूट्रॉन तारे. झोत आपल्यावरून गेला की दुर्बिणीत एक ठोका नोंदला जातो. पहिला, ज्याला खगोलशास्त्रज्ञ ‘ए’ म्हणतात, सेकंदाला ४४ गिरक्या घेतो. दुसरा, ‘बी’, एका गिरकीला २.७७ सेकंद लावतो. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या वीसेक जोड्या आजवर आपल्या आकाशगंगेत सापडल्या आहेत, पण जिच्यातले दोन्ही तारे पल्सर म्हणून दिसले अशी जोडी ही एकच. यादीतलं तिचं नाव पीएसआर जे०७३७-३०३९.

मला या जोडीचं वेड लागलं ते एका साध्या अडचणीमुळे. न्यूट्रॉन तारा आठ-दहा सूर्यांहून जड ताऱ्याच्या अंतानंतर उरतो. असा तारा म्हातारपणी फुगतो आणि त्याची त्रिज्या सूर्याच्या शेकडो पट होते. मग असे दोन तारे सूर्याहून लहान अंगणात राहिलेच कसे? ते तिथे राहत नव्हतेच. आज दिसतं ते शेवटचं घर आहे, आणि त्याच्या मागे बरेच व्यवहार होऊन गेलेले आहेत.

जमिनीचं काम केलेल्या कुणालाही हे माहीत असतं. आजच्या सातबाऱ्यावर फक्त आजचं नाव असतं. जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली ते बघायचं तर फेरफार काढावे लागतात, शेवटच्या नोंदीपासून मागे मागे जात. या जोडीचे फेरफार मी तसेच, उलट्या क्रमाने वाचणार आहे. ताऱ्यांच्या जन्मापासून सुरुवात केली तर सगळं आपोआप घडत गेल्यासारखं वाटतं. मागून वाचलं की प्रत्येक नोंदीचा पुरावा मागावा लागतो.

कागद हाती कसे लागले

एप्रिल २००३. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या पार्क्सच्या ६४ मीटर रेडिओ दुर्बिणीने केलेल्या आकाशसर्वेक्षणात २२.७ मिलिसेकंदांचा एक ठोका सापडला. इटलीच्या मार्ता बुर्गाय यांच्या नावाने तो शोधनिबंध डिसेंबरात ‘नेचर’मध्ये आला. निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या एनसीआरएचे, म्हणजे खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचे, भालचंद्र जोशीही आहेत. तेव्हा फक्त ए दिसला होता. जोडीदार न्यूट्रॉन तारा आहे हे कक्षेवरून कळलं होतं, पण तो गप्प होता.

खरं तर तो गप्प नव्हता. ए कडून निघणारा कणांचा वारा बी च्या चुंबकीय कवचावर सतत आदळत असतो, आणि त्यामुळे कक्षेच्या दोनच छोट्या टप्प्यांत, मिनिटांच्या हिशोबात, बी ठळक दिसायचा. २००३ संपण्याआधी जुन्या नोंदी नव्याने चाळताना त्याचे २.७७ सेकंदांचे ठोके हाती आले आणि २००४ च्या सुरुवातीला ‘सायन्स’ने ते छापले.

दोन घड्याळं मिळाल्याने जो फायदा झाला त्याला तोड नाही. दोघांच्याही कक्षेचा आकार थेट मोजता येतो, म्हणून वस्तुमानांचं गुणोत्तर कुठलाही सिद्धान्त न वापरता मिळतं. कक्षेचा लांबट अक्ष दरवर्षी १६.९ अंश फिरतो, त्यावरून एकूण वस्तुमान मिळतं. बुधाच्या कक्षेचा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे होणारा फेर शंभर वर्षांत ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढाच आहे, हे शेजारी ठेवून बघा. शिवाय आपण कक्षेकडे जवळजवळ कडेने पाहतो. दर फेरीत बी चं कवच ए च्या समोरून जातं आणि अर्धा मिनिट ए चं ग्रहण लागतं. फेरफार वाचायला याहून स्वच्छ अक्षर मिळणं कठीण.

शेवटची नोंद: बी चा जन्म

खोडदला विज्ञान दिनी प्रदर्शन असतं. तिथे एका तक्त्यासमोर आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “काका, पण एक तारा फुटला तर दुसरा उडून जात नाही का?” हा प्रश्न या सगळ्या विषयाचा कणा आहे. ती मुलगी तो सहज विचारून पुढच्या स्टॉलकडे निघून गेली. मी मात्र तिथेच उभा राहिलो.

उत्तर असं. दोन तारे गोल कक्षेत एकमेकांना धरून आहेत. एकाचा स्फोट होतो आणि बाहेर फेकलेला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने सुटतो. एवढ्या लहान कक्षेत तो जोडीदाराला ओलांडून मिनिट-दोन मिनिटांत पार जातो. तो पुढे गेला की त्याची ओढ संपली. ताऱ्यांचा वेग मात्र तोच आहे, कारण त्यांना कुणी थांबवलेलं नाही. दोरी सैल झाली आणि गोफण त्याच जोरात फिरते आहे. एकूण वस्तुमानाच्या निम्म्याहून जास्त माल एका दमात गेला, तर जोडी सुटते. त्याहून कमी गेला, तर कक्षा लांबट होते, पण जोडी टिकते. जेवढा माल जास्त, तेवढी कक्षा लांबट.

म्हणजे आज कक्षा किती लांबट आहे हे पाहून त्या दिवशी किती माल गेला त्याचा हिशोब लावता येतो. स्फोट एकाच बाजूने झाला नाही, ताऱ्याला धक्का बसला नाही, असं आधी धरू. मग हिशोब सोपा: लांबटपणाचा आकडा (पूर्ण गोल कक्षेला ०) म्हणजे गेलेला माल भागिले उरलेलं वस्तुमान. या जोडीची कक्षा आज ०.०८८ एवढी लांबट आहे, म्हणजे जवळपास गोलच. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, बाहेर टाकताना कक्षा हळूहळू गोल होत जाते, त्यामुळे जन्माच्या वेळी हा आकडा ०.१ च्या थोडा वर असावा. ०.११ धरा. स्फोटानंतर उरलेलं एकूण वस्तुमान २.५९ सूर्य. गुणाकार केला की येतात ०.२८ सूर्य. बस, एवढंच! बी ज्या ताऱ्यातून जन्मला तो फुटायच्या क्षणी फक्त दीड सूर्याएवढा होता.

हा आकडा मी पहिल्यांदा स्वतः वहीत काढला तेव्हा चुकलोय असं वाटून परत मांडला. ज्या ताऱ्याने आयुष्य दहा-बारा सूर्यांएवढं सुरू केलं असणार, तो मरताना दीड सूर्य? बाकीचं कुठे गेलं, ते आधीच्या नोंदीत येईल.

त्या ०.२८ मध्येही आणखी एक फोड आहे. न्यूट्रॉन तारा घट्ट बांधलेला असतो, आणि तो बांधला जाताना जी ऊर्जा सुटते ती न्यूट्रिनो नावाचे अतिहलके कण घेऊन जातात. ऊर्जा गेली म्हणजे तेवढं वस्तुमानही गेलं. बी सारख्या ताऱ्यासाठी ते सुमारे ०.१२ सूर्य. म्हणजे आज १.२५ सूर्य दिसणारा बी ज्या गाभ्यातून घडला तो १.३७ सूर्यांचा असणार. आता ही गंमत बघा. ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियम यांचा बनलेला गाभा जेव्हा कोसळतो, तेव्हा त्याच्या वस्तुमानाचा सैद्धान्तिक आकडा नेमका १.३७ च्या आसपास येतो. त्या घनतेला मॅग्नेशियम आणि निऑनचे अणुगर्भ इलेक्ट्रॉन गिळायला लागतात. गाभा उभा असतो तो इलेक्ट्रॉनांच्याच दाबावर. तेच गिळले गेले की खांब काढल्यासारखा गाभा बसतो. लोखंडाचा मोठा गाभा तयार व्हायच्या आधीच हे उरकतं, त्यामुळे स्फोट दुबळा होतो आणि धक्काही फारसा बसत नाही.

लोखंडाच्या अगदी हलक्या गाभ्यातूनही जवळपास असाच परिणाम निघू शकतो, त्यामुळे या वादाचा निकाल लागलेला नाही. स्फोट हलका होता, याबद्दल मात्र मला शंका वाटत नाही, कारण बाकीचे साक्षीदारही तेच सांगतात.

पहिला साक्षीदार म्हणजे जोडीचा वेग. एकटे पल्सर सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने पळताना दिसतात, जन्मावेळच्या धक्क्याची ती खूण. ही जोडी आकाशात आडवी सरकते ती सेकंदाला ३० किलोमीटरहूनही कमी वेगाने. आकाशगंगेच्या प्रतलापासून ती जेमतेम दोनशे प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे जड तारे जिथे जन्मतात त्याच वस्तीत. घर सोडून ती कुठे गेलेलीच नाही.

दुसरा साक्षीदार ए चा अक्ष. ए चा गिरकीचा अक्ष आणि कक्षेचा अक्ष यांच्यात तीनेक अंशांहून जास्त फरक सापडत नाही. बी च्या जन्मावेळी जोरदार तिरका धक्का बसला असता, तर कक्षेचं प्रतल कलंडलं असतं आणि ए चा अक्ष जुन्या दिशेलाच राहिला असता. तसं झालेलं नाही.

बी स्वतः मात्र बराच कललेला आहे. त्याचा अक्ष कक्षेच्या अक्षाशी सुमारे ५० अंशांचा कोन करतो. म्हणजे स्फोटाने त्याला जागेवरून फारसं ढकललं नाही, पण गिरकी दिली. भोवऱ्याच्या कडेला टिचकी मारली तर तो फार सरकत नाही, पण त्याचा तोल बदलतो, तशी.

सगळ्या जोड्या अशा शांतपणे जन्मतात असं कुणी समजू नये. १९७४ साली अरेसिबोच्या दुर्बिणीने सापडलेली पहिली जोडी, हल्स आणि टेलर यांची, ज्यासाठी १९९३ चं नोबेल दिलं गेलं, तिची कक्षा ०.६१७ एवढी लांबट आहे. तिथला दुसरा तारा १.३९ सूर्यांचा. मोठा गाभा आणि मोठा धक्का. जोडी कशीबशी वाचली. त्या जोडीवर खूप लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे, पण जोड्या टिकतात कशा हे शिकायचं तर मला जुळा पल्सर जास्त बोलका वाटतो.

आणि असा हलका स्फोट प्रत्यक्ष होताना दिसलाही आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणात आयपीटीएफ१४जीक्यूआर नावाचा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला. तो झपाट्याने चढला, झपाट्याने विझला. किशलय दे आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं की त्यातून बाहेर पडलेला माल सूर्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढाच होता. आपल्या ०.२८ मधून न्यूट्रिनोंचा वाटा वजा करा आणि हा आकडा शेजारी लिहा. दोन्ही एकाच पट्टीवर येतात.

त्याआधीची नोंद: ए ला दुसरं आयुष्य मिळालं

दोघांत थोरला कोण? ए. पण सेकंदाला ४४ गिरक्या घेणारा तोच आहे, आणि २.७७ सेकंदांत एक गिरकी घेणारा बी धाकटा. हे उलटं कसं?

पल्सर जन्मतो तो जोरात फिरत, तगडं चुंबकीय क्षेत्र घेऊन. ते क्षेत्रच त्याचा ब्रेक असतं, आणि काही लाख ते काही कोटी वर्षांत त्याची गती मंदावते. बी ची गोष्ट सरळ तशीच आहे. ए देखील कधीतरी असाच मंदावला होता. मग त्याच्यावर जोडीदाराचा वायू येऊन पडू लागला. वायू सरळ पडत नाही. तो भोवती तबकडीसारखा फिरत फिरत खाली येतो आणि येताना आपली फिरकी ताऱ्याला देतो. घराच्या जात्याला येता-जाता प्रत्येकाने हात लावत जावा, तसा तारा पुन्हा वेग धरतो. याच काळात त्याचं चुंबकीय क्षेत्रही क्षीण होतं. ए चं क्षेत्र आज बी पेक्षा सुमारे शंभरपट क्षीण आहे. ब्रेक सैल, म्हणून मिळालेला वेग टिकून आहे.

या कल्पनेच्या जडणघडणीत आपल्याकडच्या लोकांचा मोठा हात आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. १९८२ साली १.५६ मिलिसेकंदांचा पल्सर सापडला आणि जगाला कोडं पडलं, तेव्हा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की हा जोडीदाराच्या वायूने पुन्हा फिरवलेला जुना पल्सर असला पाहिजे. पुढे १९९१ मध्ये दीपंकर भट्टाचार्य, जे नंतर पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत आले, आणि नेदरलँड्सचे एडवर्ड व्हॅन डेन ह्यूवेल यांनी अशा जोड्यांच्या उत्क्रांतीचा जो मोठा आढावा लिहिला, तो विद्यार्थी अजूनही उघडतात.

आता या नोंदीची दुसरी बाजू. ए ला वायू देणारा तारा कोण? तोच, जो पुढे फुटून बी झाला. त्या वेळी तो बाहेरचं हायड्रोजनचं आवरण गमावून बसलेला, तीनेक सूर्यांचा उघडा हेलियम तारा होता. गाभ्यातलं हेलियम संपत आलं तसा तो फुगायला लागला. कक्षा इतकी लहान की थोडं फुगताच त्याचा बाहेरचा थर ए च्या ओढीत सापडला आणि ओघळायला लागला. लाखभर वर्षांच्या आतबाहेर हे चाललं असावं. ए ला त्यातला फार थोडा वायू पचवता आला, सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचा जोडीच्या बाहेर उधळला गेला. म्हणूनच ए २२.७ मिलिसेकंदांवर थांबला. मिलिसेकंद पल्सर होण्याएवढं खाणं त्याला मिळालंच नाही, कारण देणाऱ्याचं आयुष्य संपलं.

पण देणारा मात्र सोलला गेला. तीनाचा दीड झाला. म्हणजे ‘बाकीचं कुठे गेलं’ याचं निम्मं उत्तर इथे आहे. खगोलशास्त्रज्ञ थॉमस टॉरिस आणि त्यांचे सहकारी अशा ताऱ्याला ‘अतिसोललेला’ म्हणतात. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं: ज्या ओघळण्याने ए ला वेग दिला, त्याच ओघळण्याने बी चा स्फोट हलका केला. या दोन वेगळ्या नोंदी नाहीत. जोडी टिकली ती नशिबाने धक्का चुकला म्हणून नव्हे. फुटायला फारसं काही उरलंच नव्हतं, आणि ते उरू दिलं नाही ते शेजाऱ्याने.

घर एवढं लहान झालं कधी

ही नोंद सगळ्यात अंधुक आहे.

हेलियम तारा उघडा पडायच्या आधी तो पूर्ण तारा होता, बाराएक सूर्यांचा, आणि ए त्याच्यापासून बराच दूर फिरत होता. असा तारा म्हातारपणी फुगला आणि त्याचा वायू ए कडे सांडायला लागला, की व्यवहार हाताबाहेर जातो. देणारा नऊपट जड आहे. जड ताऱ्याकडून हलक्याकडे माल गेला की कक्षा आकसते, कक्षा आकसली की माल आणखी जोरात सांडतो. ए ला तो गिळता येत नाही. थोड्याच काळात न्यूट्रॉन तारा त्या महाकाय ताऱ्याच्या आवरणाच्या आत शिरतो. आत एक गाभा, त्याच्याभोवती घिरट्या घालणारा ए, आणि दोघांवर एकच सामाईक पांघरूण.

आवरणातून फिरताना ए ला घर्षण होतं, तो आत आत सरकतो. कक्षेतली ऊर्जा आवरणाला मिळते, आवरण तापतं, फुगतं आणि शेवटी फेकलं जातं. खगोलाच्या हिशोबाने हे सगळं क्षणात घडतं. दोन शेवट शक्य असतात. आवरण निघून जाण्याइतकी ऊर्जा मिळाली तर उरतात ए आणि हेलियम गाभा, अगदी जवळ जवळ. नाही मिळाली तर ए गाभ्यात जाऊन बुडतो आणि जोडी संपते. सुरुवातीची कक्षा फार लहान असेल तर दुसरा शेवट ठरलेला, कारण लहान कक्षेत द्यायला पुरेशी ऊर्जाच निघत नाही. आमच्या जोडीचं आधीचं घर म्हणूनच ऐसपैस असणार.

आवरण नेमकं किती किफायतीत फेकलं जातं, हा या विषयातला सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे. विश्वात अशा किती जोड्या व्हाव्यात याचे अंदाज वेगवेगळे येतात ते बरेचसे याच एका आकड्यामुळे.

त्याच्याही आधी, ए दूर होता आणि जोडीदार अजून फुगला नव्हता, तेव्हा ही जोडी कशी दिसत असेल? त्यासाठी नमुना शोधायला फार लांब जावं लागत नाही. सेंटॉरस एक्स-३ आणि व्हेला एक्स-१ हे क्ष-किरण स्रोत म्हणजे जड ताऱ्याशेजारी न्यूट्रॉन तारा. सेंटॉरस एक्स-३ मधली कक्षा दोन दिवसांची, व्हेला एक्स-१ मधली नऊ दिवसांची. दोन्ही कक्षा आवरणातून वाचण्यासाठी बहुधा फारच लहान आहेत. महिने किंवा वर्षभराची कक्षा असलेल्या जोड्यांनाच पुढची वाट मोकळी असते.

पहिला स्फोट आणि ययातीचा तारा

मुलीचा प्रश्न इथे पुन्हा येतो, आणि या वेळी तो जास्त अवघड आहे. पहिला तारा फुटला तेव्हा जोडी का सुटली नाही?

नमुन्यादाखल आकडे घेऊ. एक तारा १५ सूर्यांचा, दुसरा ९ सूर्यांचा. जड तारा आधी म्हातारा होतो. तो तसाच फुटला आणि १.३ सूर्यांचा न्यूट्रॉन तारा मागे ठेवून गेला, तर २४ पैकी १३.७ सूर्य गेले. निम्म्याहून जास्त. जोडी सुटली.

वाचवतो तो देवघेवीचा व्यवहार, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या एका ताऱ्यात उघड आहे. ययाती तारकासमूहातला अल्गोल दर २.८७ दिवसांनी काही तास मंद होतो, कारण तिथे एक तारा दुसऱ्याला झाकतो. त्यातला म्हातारा, फुगलेला तारा हलका आहे आणि तरुण दिसणारा जड. नियम तर सांगतो की जड तारा आधी म्हातारा व्हायला हवा. उलगडा असा, की आज हलका असलेला तारा पूर्वी जड होता. फुगताना त्याने आपला माल दुसऱ्याला दिला, आणि घेणारा जड होऊन पुन्हा तरुण दिसू लागला. समूहाचं नाव ययाती असावं आणि त्यातल्याच ताऱ्यात तारुण्याची देवाणघेवाण चालावी, हा योगायोग मला फार आवडतो. पुरूने आपलं तारुण्य बापाला दिलं. अल्गोलमध्ये दिशा उलटी, मोठ्याने धाकट्याला दिलं.

आपल्या नमुन्यात १५ चा तारा असं आवरण देऊन टाकतो आणि चारेक सूर्यांचा हेलियम तारा उरतो. बराच माल बाहेर उधळला जातो, धाकटा ९ चा १२ होतो. एकूण १६. आता स्फोट झाला तर जातात फक्त २.७ सूर्य, म्हणजे सहावा हिस्सा. मरणारा तारा मरतेवेळी दोघांत हलका आहे, म्हणून जोडी टिकू शकते.

तरीही धक्का असतोच, आणि कक्षा ऐसपैस असेल तर तो सोसणं कठीण. बहुतेक जोड्या इथेच फुटतात. एकटे हिंडणारे पल्सर एवढे जास्त आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या वीसेकच, यामागे ही गाळणी आहे.

त्याच आकाशात, चार अंशांवर

जुळ्या पल्सरपासून आकाशात चारेक अंशांवर, पण प्रत्यक्षात कितीतरी मागे, सुमारे ११,४०० प्रकाशवर्षांवर सीपीडी−२९ २१७६ नावाचा जड तारा आहे. २०२३ साली ‘नेचर’मध्ये त्याच्या जोडीचं विश्लेषण आलं: न्यूट्रॉन तारा आणि हा तारा, साठेक दिवसांची कक्षा, आणि ती कक्षा जवळजवळ गोल. तिथे पहिलाच स्फोट अतिसोललेल्या ताऱ्याचा झाला असावा, असा त्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष. पुढे जड तारा फुगेल, सामाईक आवरण येईल आणि सगळं जमलं तर आणखी एक न्यूट्रॉन जोडी तयार होईल. मी मागून वाचत आलो, त्या फेरफारांची सुरुवातीची पानं तिथे अजून लिहिली जात आहेत. दोन्ही जागा एकाच मुठीआड झाकल्या जाव्यात, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

जुळ्या पल्सरचं पुढचं पानही माहीत आहे. गुरुत्वीय लहरी ऊर्जा घेऊन जातात आणि दोघांमधलं अंतर रोज सुमारे ७ मिलिमीटरने कमी होतं. साडेआठ कोटी वर्षांनी ते एकमेकांवर आदळतील. अशीच एक टक्कर, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेतली, १७ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी पृथ्वीवर नोंदली गेली, आणि तिच्या मागे राहिलेला रेडिओ प्रकाश खोडदच्या जीएमआरटीनेही टिपला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाची जागा ठरली आहे. ती वेधशाळा उभी राहिली की अशा टकरींची दिशा कितीतरी नेमकी सांगता येईल.

बी मात्र सध्या आपल्याला दिसत नाही. कललेला अक्ष सापेक्षतेच्या नियमाने वर्षाला पाचेक अंश फिरतो, आणि मार्च २००८ मध्ये त्याचा झोत आपल्या बाजूने निघून गेला. तेव्हापासून ए चे ठोके एकटेच मोजले जात आहेत. २०२१ साली मायकेल क्रॅमर आणि सहकाऱ्यांनी १६ वर्षांच्या ठोक्यांचा हिशोब छापला तोही मुख्यतः त्यांच्याच आधारावर. बी च्या अक्षाचा एक फेरा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे, त्यामुळे झोत पुन्हा आपल्या दिशेला येणार. तो आला की दोन्ही घड्याळं परत एकत्र चालतील, वस्तुमानांचं गुणोत्तर नव्याने मोजता येईल, आणि ०.२८ चा तो गुणाकार जास्त दशांश स्थळांपर्यंत मांडता येईल.